न पाहता लावलेली हजेरी

बाई, तुमचा फोन अजून चालू आहे. करुणानं तो बंद केला नाही. पुण्याला परत जाताना आईची आठवण म्हणून बरोबर नेला. ती अधूनमधून आपला व्हॉट्सॲपचा गट उघडून वाचते. हे मला माहीत आहे, शंभर टक्के माहीत आहे. तरीही सकाळी सवयीनं तुमचं नाव उघडावं आणि त्याच्याखाली 'ऑनलाइन' उमटावं, की मी फोन पालथा घालतो आणि थोडा वेळ त्या बाजूला बघतसुद्धा नाही. सत्तर ओलांडलेला माणूस, आणि पालथ्या फोनला भितो. तुम्ही हसला असता.

आज बारा दिवस झाले. लोक भेटायला येतात, म्हणतात, भाऊसाहेब, तुमचा मोठा आधार गेला. मी मान हलवतो. दुःख आहेच, पण खरं सांगायचं तर त्याला अजून बसायला जागाच मिळालेली नाही. सगळी जागा भीतीनं अडवली आहे. मी तुमच्याबद्दल एक खोटं बोललो, बाई. बोललो ते दोन ओळींत. आता ते गावभर झालंय, चर्चमध्ये सांगून झालंय, आणि उद्या मंगळवारी ते कागदावर येणार आहे आणि मला त्याखाली सही करायची आहे.

सुरुवातीपासून सांगतो. अर्धवट सांगितलेलं तुम्हाला कधी चाललं नाही.

शाळेत मी सत्तावीस वर्षं मस्टर सांभाळलं. कोल्हारहून येणाऱ्या एखाद्या गुरुजींची गाडी चुकली, की मी त्यांच्या रकान्यात पेन्सिलीनं बारीक ठिपका ठेवायचो. म्हणजे लाल शेरा मारायचा नाही, ते आले की ठिपक्यावर सही करतील. कुणाचं नुकसान नको, कुणाशी वाकडं नको. तुम्ही मुख्याध्यापिका म्हणून आलात आणि पहिल्याच आठवड्यात मस्टर खिडकीच्या उजेडात धरलंत. "भाऊसाहेब, हे काय पडलंय?" मी म्हटलं, "शाईचा डाग असेल, बाई." तुम्ही म्हणालात, "पेन्सिलीला शाई कधीपासून आली?" आणि माझ्या टेबलावर खोडरबर ठेवून वर्गावर निघून गेलात. त्यानंतर मी ठिपके द्यायचं बंद केलं असं तुम्हाला वाटत असेल. नाही. फक्त आणखी बारीक द्यायला लागलो.

हे आज सांगतोय, कारण माझी सगळी चूक त्या सवयीतूनच निघाली. मी मुळात वाईट माणूस नाही. मी सांभाळून घेणारा माणूस आहे, आणि तेच जास्त धोक्याचं निघालं.

आपला 'सकाळची हजेरी' गट निघाला तो कॅनॉलकडेला एकटे राहणाऱ्या मास्तरांमुळे. दोन दिवस ते घरात पडून होते आणि गावाला पत्ता नव्हता. कुत्रं दारात बसून राहिलं म्हणून कुणीतरी डोकावलं. त्यांच्या मातीहून परतताना तुम्ही रस्त्यातच थांबलात आणि म्हणालात, "आपल्यात साठीच्या पुढची, एकटी किंवा एकट्यासारखी किती माणसं आहेत, यादी करा." मी यादी केली. एकेचाळीस भरली. तेव्हा आमची ही जाऊन चार महिने झाले होते आणि मी दिवसदिवस कुणाशी बोलत नव्हतो. तुम्ही ती यादी माझ्याच हातात परत दिलीत. म्हणालात, "रोज सकाळी चाळीस जणांची काळजी करायला लागलात, की स्वतःची आपोआप कमी होईल." तसंच झालं. त्याबद्दल मी तुमचे आभार कधीच मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती.

चर्चच्या ओट्यावर तुम्ही सगळ्यांना फोन शिकवायला बसवलंत. कामानं रापलेली बोटं, पडद्याला त्यांचा स्पर्शच कळायचा नाही. दाबून धरलं की लिहिलेलं पुसून जायचं. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या नामदेव आप्पांनी पहिल्याच दिवशी अख्ख्या गटाला व्हिडिओ कॉल लावला आणि स्वतःचं नाक तेवढं सगळ्यांना दाखवलं. गुलाबाची चित्रं आणि सुविचार टाकायला तुम्ही बंदी घातलीत. "फुलं नकोत, माणूस पाहिजे. 'हजर' एवढंच लिहा." लिहिता येत नाही त्यांनी बोलून पाठवायचं. फोनच नाही त्यांची हजेरी शेजारच्यानं घरी जाऊन, बघून लावायची. आठपर्यंत हजेरी आली नाही, तर जोडीदारानं दार वाजवायचं. नऊ वाजता मी पूर्ण यादी टाकायची. नियम साधे होते. "जाऊन, बघून" हे दोन शब्द तुम्ही प्रत्येक वेळी दोनदा म्हणायचात.

तुमची जोडी माझ्याशी होती. माझ्या दारापासून तुमचं दार दोनशे पावलं.

मग त्या हजेरीतूनच मंगळवार निघाला. उपकेंद्रात मंगळवारी बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या मिळायच्या, म्हणजे मिळायला हव्या होत्या. आपली माणसं काठ्या टेकत जायची आणि कुलूप बघून परत यायची. तुम्ही म्हणालात, भांडायचं नाही, अर्जही नको, फक्त कुलपाशेजारी उभं राहून फोटो काढायचा आणि गटावर टाकायचा. दर मंगळवारी. मी घरी वहीत लिहीत गेलो: तारीख, बंद की उघडं, कोण कोण आलं होतं, कुणाच्या गोळ्या किती दिवसांपासून नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं. मस्टरवाल्या माणसाचा हात स्वस्थ बसत नाही. तुम्हाला ती वही दाखवली तेव्हा तुम्ही पानं उलटत राहिलात आणि म्हणालात, "भाऊसाहेब, हे सोनं आहे." तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

त्या बुधवारी तुम्ही ती वही मागितलीत. पानांचे फोटो काढून फेसबुकवर टाकायचे, कलेक्टरांपर्यंत पोचवायचे. मी म्हटलं, अक्षर माझं आहे, अख्खा तालुका ओळखतो. तुम्ही म्हणालात, मी माझ्या अक्षरात उतरवून घेते. मी म्हटलं, तरी विचारतील, मूळ वही कुणाची. मग मला तुम्हाला ते सांगावं लागलं, जे मी आठवडाभर लपवलं होतं. एका पुढाऱ्याचा माणूस मोटरसायकलवरून आला होता. ओट्यावर बसला, माझंच पाणी प्यायला, आणि म्हणाला, "भाऊसाहेब, पोराचं कंत्राट औंदा पुढं चालू व्हायचं हाय न्हवं? मंग कशाला त्या फोटूच्या नादाला लागताय? म्हाताऱ्या मानसांनी देवाचं नाव घ्यावं." आवाजसुद्धा चढवला नाही त्यानं. जाताना माझ्या पाया पडला. बाई, मला आयुष्यात पाया पडणाऱ्या माणसाची इतकी भीती कधी वाटली नव्हती.

तुम्ही ऐकून घेतलंत. वाटलं, आता समजून घ्याल. तुम्ही म्हणालात, "तुम्हाला वाटतं, तुम्ही भिता म्हणून वाईट टळतं. भाऊसाहेब, तुम्ही भिता म्हणून ते कुलूप टिकतं."

अजूनही मला वाटतं, माझं अगदीच चुकलं नव्हतं. तुमची करुणा पुण्यात बँकेत कायम आहे. माझ्या पोराची नोकरी कंत्राटी, दरवर्षी फाईल फिरते, सूनबाईचं दुसरं बाळंतपण जवळ आलंय. धीट असायला पायाखाली थोडी जमीन लागते. हे मला तेव्हा बोलता आलं नाही. मी नुसता उठलो. तुम्ही मागून म्हणालात, "चहा तरी घ्या." मी म्हटलं, "नको." तुमच्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द तो.

गुरुवारी सकाळी तुमचा 'हजर' आला नाही. रोज सहाच्या आत पहिला तुमचाच असायचा. सात वाजले. साडेसात. मी समजलो, रुसलात. आणि मला त्याचा थोडा आनंदही झाला, हे आज लपवत नाही. म्हटलं, बघू आधी कोण बोलतंय. आठ वाजता मी दारात जाऊन चपला घातल्या, पुन्हा काढल्या. गेलो असतो तर तुम्ही तो चहा पुढे केला असतात आणि वही मागितली असतीत. मी त्या वहीला घाबरलो. नऊला यादी टाकली: एकेचाळीस, सर्व हजर. तुमच्या नावापुढं मी ठिपका ठेवला, म्हणा.

एवढ्यावर भागलं असतं तरी कदाचित मी स्वतःला माफ केलं असतं. पण नामदेव आप्पांचा आवाज गटावर आला, "आज बाई गप का हायेत? सकाळधरनं बोलल्या न्हाईत." आपलं भांडण लोकांना कळायला नको, म्हणून मी लिहिलं: "बाई ठीक आहेत. सकाळीच बोलणं झालं."

ती दोन वाक्यं. अजून गटावर आहेत. मी ती पुसू शकलो असतो. पुसली की 'हा संदेश हटवला' असं मागे राहतं, त्याचीही मला भीती वाटली.

दीडच्या सुमाराला शेजारची सून तुमचं पातेलं परत द्यायला आली. पुढचं मी तुम्हाला काय सांगणार. तुम्ही न्हाणीत होता. कोल्हारचे डॉक्टर आले, त्यांनी मनगट धरलं, डोळे बघितले आणि म्हणाले, "तीन-चार तास झाले असावेत. जास्तही असतील, नक्की सांगता येत नाही." सगळे रडत होते आणि मी एकटा दारात उभा राहून गणित करत होतो. दीडातून तीन गेले, साडेदहा. दीडातून चार गेले, साडेनऊ. मग 'जास्तही असतील' हे शब्द मी हाताशी धरून ठेवले. जास्तच असतील. पहाटेच असेल. मी आलो असतो तरी काही उपयोग झाला नसता. आणि दुसऱ्याच क्षणी, नसेल तर? मी दार वाजवलं असतं आणि तुम्ही आतून हाक दिली असती तर? बारा दिवसांत ते डॉक्टर मला दोनदा औषधाच्या दुकानापाशी दिसले. दोन्ही वेळा मी रस्ता ओलांडून पलीकडं गेलो. विचारायला एकच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मला नको आहे.

दफनाच्या दिवशी करुणानं माझा हात धरला. "काका, आई सकाळी तुमच्याशी बोलली ना? काय म्हणाली?" तिनं गटावरचं वाचलं होतं. तिचा चेहरा बघून मला खरं सांगता आलं नाही, आणि नुसतं खोटंही पुरलं नाही. मी म्हणालो, "चहा झाला म्हणाल्या. आज हवेत गारवा आहे म्हणाल्या." ती डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे त्रास नव्हता तिला." मी म्हटलं, "अजिबात नव्हता." काय वाटलं असेल मला, तुम्ही विचारू नका. तिला बरं वाटलं, हे बघून मलाही क्षणभर बरं वाटलं. माझ्या खोट्याला नेहमी असाच कुणाचा तरी फायदा चिकटलेला असतो.

रविवारच्या प्रार्थनेत पाळकसाहेबांनी तो चहा सांगितला. "आपल्या बाई शेवटच्या सकाळीही प्रसन्न होत्या, चहा घेऊन शेजाऱ्याशी बोलल्या." बाकावरची माणसं मागे वळून माझ्याकडं प्रेमानं बघायला लागली. मी उपासनेला कधी जात नाही, त्या दिवशी तुमच्यासाठी आलो होतो, आणि मला वाटलं, छतातून कुणीतरी मस्टर उजेडाला धरून बघतंय.

मग नामदेव आप्पांनी तुमचं राहिलेलं काम हाती घेतलं. त्यांना तुमच्यासारखं जपून लिहिता येत नाही. त्यांनी कुलपाशेजारी उभ्या असलेल्या तुमचा फोटो फेसबुकवर टाकला आणि खाली लिहिलं की आमच्या बाई सकाळी ठणठणीत होत्या, शेजाऱ्याशी बोलल्या, मग पडल्या, आणि दवाखान्याला कुलूप होतं. कुलूप नसतं तर बाई आज असत्या. तो फोटो नगरपर्यंत गेला, पुण्यापर्यंत गेला. अनोळखी माणसं हात जोडायला लागली, काही शिव्या द्यायला लागली. ज्या पोरांना तुम्ही शिकवलंत, ती कुठूनकुठून लिहायला लागली. गटातली म्हातारी माणसं तर हरखून गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं म्हणणं वेशीबाहेर गेलं होतं. आप्पा मला म्हणाले, "भाऊसाहेब, बाई जाता जाता काम करून गेल्या बगा." मी म्हटलं, "हो."

शनिवारी तालुक्याहून फोन आला. आरोग्य खात्याचे साहेब मंगळवारी चौकशीला येतायत. बाईंशी शेवटचं बोलणारे कोण, त्यांचा जबाब घ्यायचा आहे.

तेव्हापासून मी जेवलेलं अंगाला लागत नाही. गप्प राहून सही केली, तर तुमच्या नावावर खोटा कागद. उद्या डॉक्टरांनी वेळ सांगितली आणि माझ्या वेळेशी जुळली नाही, तर ते म्हणणार, ही म्हातारी माणसं खोटारडी आहेत, कुलूपही खोटं, गोळ्याही खोट्या. मग मंगळवारी गोळ्यांवाचून परत येणाऱ्यांचं पुढची कितीही वर्षं कुणी ऐकणार नाही. आणि खरं सांगितलं, तर करुणाचा चहा जातो. दोन्हीकडं मीच उभा होतो.

काल दुपारभर मी ती वही पुढं घेऊन बसलो. तुम्ही मागितलेली वही. खोटं काढून घ्यायचं, तर त्या जागी काही खरं ठेवावं लागेल, एवढं माझ्यासारख्यालाही कळलं. एकेका पानाचा फोटो काढायला लागलो. पहिले चार फोटो हलले, ते पुन्हा काढले. पोराला फोन करून सांगितलं, असं असं करतोय, तुझ्या फाईलचं काय व्हायचं ते होईल. तो म्हणाला, "अण्णा, आधी विचारायला पायजे हुतं." बरोबर आहे त्याचं. मी म्हटलं, "आता विचारतोय." तो म्हणाला, "आता तुमी सांगताय." पण त्यानं नको म्हटलं नाही.

आज सकाळी आठ वाजता, हजेरी लागत असताना, मी आतल्या खोलीत गेलो, दार लोटलं आणि बोलून संदेश पाठवला. कुजबुजत बोललो. घरात कुणी नाही, तरी कुजबुजत. "मी त्या दिवशी बाईंना पाहिलं नाही. आमचं बोलणं झालं नव्हतं. आदल्या दिवशी वाद झाला होता, म्हणून मी गेलो नाही, आणि न पाहता हजेरी लावली. चहाचं मी मनानं सांगितलं. साहेबांना मी हेच सांगणार आहे. पोस्टमधली ती ओळ काढा. कुलपाची वही खरी आहे, ती टाकतोय." मग वहीची पानं एकामागून एक सोडली.

माझा संदेश वाचलेल्यांची नावं तेवढी फोनवर वाढत गेली. बाई, शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी पलंगाच्या काठावर बसून होतो आणि कान दाराकडं होते, आता कुणीतरी येणार म्हणून.

पहिली कबुली आली ती वेशीजवळच्या सखूबाईंची. "भाऊसाहेब, मीबी रखमाची हजेरी तीन दिस झालं न बघताच लावती. गुडघं चालंनात." मग आणखी एकाची. मग आणखी. कुणी म्हणे, पत्र्यावर धूर दिसला म्हणून लावली. कुणी म्हणे, दूधवाल्यानं सांगितलं. अकरा जणांची आजची हजेरी कुणी न बघता लावलेली निघाली. तुम्ही 'जाऊन, बघून' दोनदा का म्हणायचात ते तेव्हा कळलं. रोज नऊ वाजता मी जी यादी टाकत होतो, तिच्यात किती माणसं नुसती नावं होती कुणास ठाऊक. लोक एकेकाच्या घरी निघाले. रखमा आहे. महादू आहे, दाढी करतोय. गटावर भराभर यायला लागलं. मग कुणीतरी विचारलं, भागूबाईला आज कुणी बघितलं? भागूबाई म्हणजे ऐंशीच्या पुढची, दोन्ही कानांनी बहिरी, फोन नाही. तिची हजेरी आप्पा लावतात. आप्पांचा आवाज आला, "मी चष्मा कराया कोल्हारला आलोय. गाडीतनंच लावली. कुनीतरी बगा की लवकर."

आणि तेवढ्यात तुमचं नाव वर आलं. टाइप करत आहे. थांबलं. पुन्हा टाइप करत आहे. तुमच्या नावानं, तुमच्या त्या चर्चसमोरच्या फोटोसकट, संदेश आला: "काका, तो चहा मी रोज आठवत होते. तुमच्याशी काय बोलायचं मला कळत नाही. तुम्ही मला फोन करू नका. पण भागूआजींना कोणी पाहिलं नसेल तर आधी तिकडे जा."

मी गेलो. चपला घातल्या की नाही तेही आठवत नाही, बहुतेक घातल्या. भागूबाईचं दार आतून लावलेलं. वाजवलं. पुन्हा वाजवलं. ती बहिरी आहे, हे मला माहीत, तरी आतून आवाज येईना तसं डोळ्यांपुढं दुसरंच दार यायला लागलं. घराला वळसा घालून मागं गेलो.

परसात भागूबाई सूप पुढ्यात घेऊन शेंगा फोडत बसली होती.

मला बघून तिनं हात थांबवला. अवेळी पुरुषमाणूस मागच्या दारानं आला म्हणजे काय, ते जुन्या माणसांना ठाऊक असतं. "काय भाऊसाहेब, कोन गेलं?"

"कुणी न्हाई," मी म्हटलं. तिला ऐकू गेलं नाही. मी हात हलवला, आणि तिथंच जमिनीवर बसलो. तिनं आपण होऊनच विषय काढला. तिच्याकडं फोन नाही, तिला आजचं काहीच ठाऊक नव्हतं. "बाईला शेवटचं तुमीच बघितलं म्हनं. पुण्याई लागती."

मी म्हटलं, "नाही, मी पाहिलं नाही."

"आँ?"

सकाळी जे मी दार लोटून कुजबुजलो होतो, ते बहिऱ्या बाईला कुजबुजून सांगता येत नाही, बाई. मी जोरात म्हटलं, "मी बघितलं न्हाई." तिनं कानामागं हात धरला. मग मी ओरडलो. "मी बघितलं न्हाई, भागूबाई. मी गेलोच न्हाई त्यांच्या दारी. भांडन झालं हुतं, म्हनून गेलो न्हाई. खोटं सांगितलं सगळ्यांना." शेजारच्या घराची खिडकी उघडली. गल्लीत कुणाची तरी मोटरसायकल थांबली. पाया पडून गेलेल्या त्या माणसाचीही असेल. मी बघितलं नाही. गटात नसलेल्यांनीही आता ऐकलं होतं.

भीती गेली असं काही झालेलं नाही. उद्या साहेब येतील. पोराच्या फाईलचं काय होईल, माहीत नाही. करुणा परत कधी बोलेल का, हेही माहीत नाही, आणि तिनं बोलावं असं म्हणायचा मला हक्क नाही. डॉक्टरांना मी उद्या विचारणार आहे. उत्तर काय येईल त्याची भीती आत्ता हे लिहितानाही आहे.

भागूबाईनं सगळं ऐकून घेतलं. ती शेंगा फोडत राहिली, टरफलं एका बाजूला, दाणे एका बाजूला. मग सूप माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाली, "मंग आता हितं येत जावा रोज. मला काय ऐकू येत न्हाई, दार वाजवत बसू नका. आत येऊन बगत जावा."